अनाथालयात तपासणीला जाताय? आधी फाइलचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेले काही डॉक्टर, दोन डेंटिस्ट आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी मिळून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बालगृहात दरवर्षी मोफत तपासणी शिबिर घ्यायचं म्हणताहेत. मुलं साधारण साठ, वय सहा ते अठरा. आजारी मुलांना औषध देण्यापेक्षा प्रतिबंधावर भर द्यायचा आहे. काय न्यावं, काय तपासावं, कोणती औषधं वाटावीत आणि वर्षातून एकदा गेलं तर पुरेल का, असं विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. एकदा पुरत नाही. वर्षातून तीनदा गेलात आणि मधल्या काळात तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी फोन चालू ठेवलात, तर काम होतं. तेवढा वेळ नसेल तर साठ मुलांऐवजी वीस मुलांचं छोटं बालगृह निवडा, पण तीनदा जा. मी बालरोगतज्ज्ञ आहे. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर या पट्ट्यातल्या बालगृहांत आणि वसतिगृहांत बरीच वर्षं जाते आहे. मोठा बॅनर, पन्नास डॉक्टर, संध्याकाळी सत्कार आणि सहा महिन्यांनी त्याच मुलाच्या त्याच कानातून तोच पू, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की शिबिर म्हटलं की मी आधी पुढची तारीख विचारते.

घरातलं मूल दवाखान्यात येतं तेव्हा त्याचा इतिहास त्याच्यासोबत चालत येतो. आई सांगते, याला दीड वर्षाचा असताना झटका आला होता, अमुक गोळीने अंगावर पुरळ उठलं होतं, याच्या मामाला सिकलसेल आहे, याला गोवराची सुई राहिली. आपण ऐकतो, निम्मं निदान तिथेच होतं. बालगृहातल्या मुलाबद्दल विचारलं की काळजीवाहक ताई म्हणतात, "मॅडम, ह्या पोट्ट्याचं मले काही मालूम नाही, पंधरा दिवस झाले आणलं त्याले." त्या खोटं बोलत नसतात. मूल रेल्वे स्टेशनवर सापडलेलं असतं, किंवा बाप गेल्यावर आई मजुरीला पुण्याकडे गेली आणि काकाने आणून सोडलेलं असतं. शून्य ते सहा वयाची मुलं शिशुगृहात असतात, सहा पूर्ण झाले की बालगृहात जातात. या बदलीत कोर्टकचेरीचे कागद नीट येतात, लसीकरणाचं कार्ड मात्र मागे राहतं. म्हणून तुमच्या गटाचं पहिलं काम तपासणीचं नाही. त्या मुलाचा आरोग्याचा इतिहास जमवायचा, लिहायचा आणि मूल जिथे जाईल तिथे तो जाईल अशी सोय करायची. बाकी सगळं त्यानंतर.

प्रत्येक मुलाची एक जाड पुठ्ठ्याची फाइल करा. बाल न्याय कायद्याच्या नियमांप्रमाणे संस्थेला प्रत्येक मुलाची वैद्यकीय नोंद ठेवावीच लागते, त्यामुळे कपाटात काहीतरी असतंच. बहुतेक वेळा साठ पानांवर एकाच पेनाने, एकाच दिवशी लिहिलेलं "प्रकृती चांगली" असतं. तुमची फाइल मराठीत लिहा आणि वाचता येईल अशा अक्षरात लिहा, कारण ती उद्या रात्री अकरा वाजता काळजीवाहक ताईंना वाचायची आहे. पहिल्या पानावर एवढंच: रक्तगट, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अहवाल, कोणत्या औषधाची ॲलर्जी, झटके येतात का, कोणतं औषध रोज चालू आहे, चष्मा आहे का. प्रत्येक माहितीपुढे ती कुठून कळली तेही लिहा. "काका म्हणाले", "दंडावर वण दिसला", "अहवाल पाहिला" या तिन्हींचं वजन सारखं नसतं. आई किंवा आजी जिवंत असेल, आणि बालगृहातल्या बऱ्याच मुलांचं कोणीतरी असतं, तर ती भेटीला येते त्या दिवशी अधीक्षकांनी तिला विचारायचे पाच-सहा प्रश्न छापून द्या. शेतकरी आत्महत्येनंतर घर फुटलेल्या मुलांच्या बाबतीत हा मार्ग फार उपयोगी पडतो, कारण आईला सगळं आठवत असतं, फक्त तिला कोणी विचारलेलं नसतं.

वयाचा एक घोळ आधीच सांगून ठेवते. कागदावर अर्ध्या मुलांचा वाढदिवस एक जून असेल. खरी जन्मतारीख माहीत नसली की शाळेत तीच पडते. त्यामुळे वयानुसार उंचीच्या तक्त्यात मूल लाल रेषेखाली दिसलं म्हणून लगेच "खुजं" असा शिक्का मारू नका, ते कदाचित कागदापेक्षा वर्षभराने लहान असेल. अशा मुलांसाठी एका दिवसाच्या मापापेक्षा दोन मापांमधला फरक महत्त्वाचा. पाच ते दहा वयाचं मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर उंच होतं आणि दोन-तीन किलोने वाढतं. घरी उपाशी राहिलेलं मूल बालगृहात दोन वेळ जेवू लागलं की पहिल्या वर्षात याहून जास्त उसळी घेतं. ती उसळी आली नाही, तर क्षयरोग, सिकलसेल, जंत, मनाला लागलेलं दुःख, सगळं शोधावं लागतं. तीन भेटींचा आग्रह मी धरते तो मुख्यतः यासाठी. वजनकाटा दर वेळी तोच न्या आणि उंचीची पट्टी भिंतीवर कायमची लावून या.

आता सिकलसेल. विदर्भात मुलांच्या आरोग्याचं काम करायचं आणि सिकलसेल बाजूला ठेवायचा, हे होऊच शकत नाही. गोंड, माडिया, परधान, कोरकू अशा आदिवासी समाजांत आणि अनुसूचित जातींमध्ये हा आजार इथे बराच आहे, इतर समाजांतही सापडतो. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी धरली आहे, म्हणजे तपासणीचं सामान आणि तंत्रज्ञ आरोग्य केंद्राकडून मिळू शकतात. तुम्हाला स्वतःच्या खिशातून किट आणायची गरज नाही. सोल्युबिलिटी चाचणी बोटातल्या थेंबावर होते आणि स्वस्त आहे, पण ती एवढंच सांगते की सिकल हिमोग्लोबिन आहे. वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेला) कोण आणि रुग्ण (दोघांकडून आलेला) कोण हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते आणि नमुना जिल्ह्याला पाठवावा लागतो. शिबिरात सोल्युबिलिटी केली, "पॉझिटिव्ह" लिहिलं आणि गाड्या नागपूरला परतल्या, असं झालं की त्या मुलाचं नुकसानच होतं. संस्थेत सगळे त्याला आजारी समजू लागतात, आणि प्रत्यक्षात तो नुसता वाहक असतो, ज्याला सहसा काही त्रास होत नाही. पुढच्या चाचणीची व्यवस्था झाल्याशिवाय पहिली चाचणी करू नका. अलीकडे रक्त चढवलेलं असेल तर तेही लिहा, निकाल फसवा येतो.

रुग्ण निघालेल्या मुलाचं रोजचं जगणं कसं असावं हे समजावण्यात तुमचा सगळ्यात जास्त वेळ जाऊ द्या. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं. पाच वर्षांखालच्या मुलांना रोजचं पेनिसिलिन, न्युमोनियाची लस, हे सगळं ठरलेलं आहे. औषध पाठवणं सोपं. अवघड आहे ते पाणी. सिकलसेलच्या मुलांच्या मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे लघवी जास्त होते आणि बरीच मुलं मोठ्या वयापर्यंत रात्री अंथरूण ओलं करतात. वसतिगृहात यावर ठरलेला उपाय म्हणजे संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. अंथरूण कोरडं राहावं म्हणून पाणी तोडायचं, आणि पाणी तुटलं की रक्तपेशी विळ्यासारख्या वळून अडकतात, पहाटे मूल हातपाय दुखतात म्हणून किंचाळत उठतं. अंथरूण ओलं करणाऱ्या प्रत्येक मुलाची सिकलसेल तपासणी झाली आहे का, एवढं जरी तुम्ही पाहिलंत तरी शिबिराचं पेट्रोल वसूल झालं असं समजा. रबरी चादर द्या, रात्री एकदा उठवायला सांगा, पाणी बंद करू देऊ नका. थंडीत सकाळची गार पाण्याची अंघोळ, शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या आणि मे महिन्यातल्या उन्हातली कवायत, या तिन्हींमधून अशा मुलांना सूट हवी आणि ती लेखी हवी. "आळशी आहे, नाटकं करतो" हे वाक्य शाळेतल्या सरांकडून ऐकू आलं की समजायचं, सरांना कोणी सांगितलेलं नाही.

काळजीवाहकांना दोन धोक्याच्या खुणा हाताने दाखवून द्या. एक, डाव्या बरगडीखाली प्लीहा कशी लागते. ती अचानक वाढली आणि मूल पांढरं पडलं तर त्याच रात्री रुग्णालय. दोन, तापासोबत छातीत दुखणं किंवा दम. अशा वेळी क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही. आणि वाहक मुलामुलींचा अहवाल फाइलमध्येच राहू द्या, भिंतीवरच्या यादीत नको. लग्नाच्या वयात जोडीदाराची तपासणी करून घ्यायची असते हे घरातल्या मुलीला आई किंवा मावशी सांगते. हिला सांगणारं कोणी नाही, म्हणून अठरा पूर्ण होताना संस्था सोडण्याआधी एखाद्या डॉक्टरने अर्धा तास बसून ते सांगायला हवं आणि अहवालाची प्रत तिच्या हातात द्यायला हवी.

रक्तक्षय याच्याशीच जोडलेला आहे. पाच ते अकरा वयात हिमोग्लोबिन ११.५च्या खाली, बारा ते चौदात १२च्या खाली म्हणजे रक्त कमी. सरकारी कार्यक्रमात पाच ते नऊ वयाला आठवड्याला एक गुलाबी गोळी, दहा ते एकोणीसला निळी गोळी आणि १० फेब्रुवारी व १० ऑगस्टला जंताची गोळी असते. बालगृहातली मुलं गावच्या शाळेत जात असतील तर ती शाळेत मिळते, पण गोळीच्या दिवशी मूल गैरहजर असलं की राहून जाते. संस्थेत सोमवारच्या जेवणानंतर गोळी, असा नियम लावून द्या. उपाशीपोटी दिली की मळमळतं आणि मग सगळी पोरं गोळ्या खिडकीबाहेर फेकतात. सिकलसेलच्या रुग्ण मुलाला मात्र शरीरातलं लोह तपासल्याशिवाय लोहाची गोळी नको. त्याचं रक्त वेगळ्या कारणाने कमी असतं. सरसकट सगळ्यांना टॉनिकची बाटली वाटणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. जेवणात सांगायचंच असेल तर जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, शेवग्याचा पाला, चण्याची उसळ आणि वर लिंबू एवढं सांगा. देणगीदाराने वाढदिवसाला केक आणण्याऐवजी महिनाभराची अंडी द्यावीत, हे त्याला पटवता आलं तर उत्तमच.

लसीकरणाचा नियम एका ओळीचा आहे. कागद नाही तर लस झालेली नाही असं धरायचं. डाव्या दंडावर बीसीजीचा (क्षयरोगाच्या लसीचा) वण दिसला तर तेवढी एक झाली असं म्हणता येतं, त्यावरून बाकीच्यांचा अंदाज करू नका. जास्तीच्या डोसाने नुकसान होत नाही, राहिलेल्या डोसाने होतं. राष्ट्रीय कार्यक्रमात वयाच्या मर्यादा आहेत: बीसीजी एक वर्षापर्यंत, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) सात वर्षांपर्यंत, त्यापुढे टीडी (धनुर्वात, घटसर्प), आणि दहा व सोळा वर्षांना टीडी ठरलेलीच आहे. सहा वर्षांचं, काहीच नोंद नसलेलं मूल आलं तर डीपीटीची दारं बंद व्हायला थोडाच वेळ उरलेला असतो, त्याचं नाव यादीत सगळ्यात वर लिहा. थर्मासमध्ये लसी घालून नागपूरहून आणू नका. शीतसाखळी तुटते, नोंद यू-विन या सरकारी लसनोंदणी पोर्टलवर जात नाही आणि कोणाला ताप आला तर पाहणारं कोणी नसतं. आरोग्य सेविकेला सांगून बालगृहातच एक सत्र लावून घ्या, ती आनंदाने येते. देणगी असेल तर कार्यक्रमात नसलेली टायफॉइडची लस आणि मोठ्या मुलांसाठी हिपॅटायटिस बी यांवर खर्च करा. एका टाकीतलं पाणी पिणाऱ्या साठ मुलांत टायफॉइड आला की महिना जातो.

खरूज ही बालगृहाची पाचवीला पुजलेली गोष्ट. तिच्यावरचा इलाज सगळ्यांना माहीत आहे आणि तो नेहमी चुकतो, कारण ज्याला खाजतं त्यालाच मलम दिलं जातं. परमेथ्रिन पाच टक्के, मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली आणि बोटांच्या बेचक्यांत, एकाच रात्री सगळ्या मुलांना, स्वयंपाकीण बाईंना, चौकीदारालाही. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. त्याच दिवशी चादरी-कपडे गरम पाण्यात आणि कडक उन्हात, जे धुता येत नाही ते पिशवीत तीन दिवस बांधून. साठ मुलांना लागणाऱ्या ट्यूबचा हिशोब आधी करा, अर्ध्यांना पुरेल एवढ्या नेल्यात तर पैसे वाया. खाजवून पिकलेली खरूज साधी समजू नका, त्यातून पुढे मूत्रपिंडाला सूज येते. चेहरा सुजला आणि लघवी काळपट झाली तर खरूज किती दिवसांची आहे ते विचारा. गजकर्णावर मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं कपाटात सापडतील, ती घेऊन जा. आणि अंगावर मलम लावायच्या निमित्ताने कपडे काढलेले असतात तेव्हा फिकट चट्टे पाहा, कापसाच्या बोळ्याने स्पर्श कळतो का ते बघा. विदर्भाच्या पूर्व भागात मुलांमध्ये कुष्ठरोग अजून सापडतो, आणि तो सापडण्याची ही सगळ्यात सोपी वेळ.

डोळे, कान, दात थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला येतं. सहा मीटरवर ई-चा तक्ता, एक डोळा झाकून. चष्मा लागला तर दोन करून द्या, एक फुटणारच. कानातून पू येणाऱ्या मुलाला नुसते थेंब देऊ नका, स्वच्छ कापडाची वात करून कान कोरडा कसा करायचा ते मोठ्या मुलांना शिकवा, आणि त्याला वर्गात पुढे बसवायला सांगा. दातांबाबत डेंटिस्ट मित्रांना एकच विनंती: फ्लोराइडचं काहीही लावण्याआधी तिथल्या बोअरचं पाणी तपासून घ्या. यवतमाळमध्ये पांढरकवडा, झरी जामणी आणि चंद्रपुरात वरोरा, भद्रावती या बाजूला पाण्यातच फ्लोराइड जास्त असलेली गावं आहेत. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर मुलांच्या दातांवरच्या तपकिरी रेघा किडीच्या नाहीत. तिथे ब्रशपेक्षा पाण्याचा दुसरा स्रोत हवा.

हे जिल्ह्याजिल्ह्याला बदलतं हे लक्षात असू द्या. गडचिरोली, गोंदियात ताप म्हणजे आधी मलेरियाची तपासणी, त्याच दिवशी. भंडारा, चंद्रपूरकडे हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम असते, त्यात बालगृह सुटलं नाही ना ते पाहा. अकोला, बुलढाणा, अमरावतीचा खारपाणपट्टा वेगळा, तिथे पाण्यातले क्षार बघावे लागतात. मेळघाटातून आलेल्या मुलाच्या पोटावर गोल डाग दिसले तर ते डंब्याचे असतात, पोट फुगलं म्हणून गरम सळईने डागलेलं असतं. त्यावरून मुलासमोर कपाळाला हात लावू नका. तो डाग त्याच्या आजीने त्याला वाचवण्यासाठी दिलेला असतो.

तपासणीच्या खोलीतून बाहेर पडून झोपायची खोली पाहा. मला विचाराल तर सगळ्या शिबिरात हीच सगळ्यात मोठी तपासणी. मुलं जमिनीवर सतरंजीवर झोपतात का, हे बघा. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात शिरते, झोपेत चावते, चावल्याची खूणही बहुधा दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखतं म्हणतं, पापण्या मिटू लागतात आणि मग श्वास जातो. जेवणातून काही झालं असेल म्हणून लिंबूपाणी देत बसलं की वेळ निघून जातो. पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर थेट ग्रामीण रुग्णालय, प्रतिसर्पविष तिथे असतं, आणि लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढाच डोस लागतो. खाटा आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, यांनी साप आणि डास दोन्हींचं काम होतं. तुमच्याकडे पन्नास हजार रुपये असतील आणि मला विचारलं कशावर घालू, तर मी खाटा म्हणेन. सिरपच्या बाटल्या नकोत.

काळजीवाहकांना शिकवणं हा तुमच्या वेळापत्रकात शेवटचा अर्धा तास असू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आणले, १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. त्या बायका जे करू शकल्या त्यापेक्षा काळजीवाहक ताईंचं काम सोपंच आहे: ताप मोजणं, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल देणं, जुलाबात ओआरएस आणि चौदा दिवस झिंक, कुत्रा चावला तर पंधरा मिनिटं साबणाने धुऊन त्याच दिवशी रेबीजची सुई. पण त्यांना पगार कमी, रात्रपाळी लांब, आणि माणसं टिकत नाहीत. म्हणून दर भेटीत पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. कंटाळू नका. आणि त्यांचंही बीपी, हिमोग्लोबिन तपासा. आजवर आलेल्या एकाही शिबिराने त्यांना खुर्चीत बसवलेलं नसतं.

मुलांना तपासताना चादर लावून आडोसा करा. रांगेत शर्ट काढून उभं करण्याची पद्धत बंद. मुलींना महिला डॉक्टर, सोबत त्यांच्या ओळखीची ताई. मोठ्या मुलींशी पाळीबद्दल बोलायला नर्सिंगच्या विद्यार्थिनी तुमच्यापेक्षा बऱ्या, त्या वयाने जवळच्या असतात. मारल्याचे वण किंवा लैंगिक छळाची शंका आली तर मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून चौकशी करत बसू नका, आणि अधीक्षकांना सांगून मोकळेही होऊ नका. पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, बाल कल्याण समितीला कळवता येतं आणि मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहेच. एचआयव्हीची तपासणी कारण आणि रीतसर संमती असल्याशिवाय करायची नाही, आणि निकाल संस्थेत फिरवायचा तर मुळीच नाही.

फोटोंबद्दल कडक बोलते. मुलाची ओळख पटेल असा फोटो किंवा नाव छापणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. ब्लर केलं तरी संस्थेच्या बोर्डाखाली उभं केलेलं मूल गावात सगळ्यांना ओळखू येतं. तुमच्या गटाचा फोटो काढा, मुलांचा नको. आणि नव्या मुलांना पहिल्याच दिवशी कडेवर घेऊन "मी तुझी दीदी" म्हणणाऱ्या स्वयंसेवकांना आवरा. तुम्ही संध्याकाळी जाणार आहात, हे मुलाला सकाळीच सांगा. परत कधी येणार ते सांगितलंत तर त्या दिवशी नक्की या.

औषधं किती न्यावीत? फारच कमी. खरुजेचं मलम, उवांचं औषध, ओआरएस, झिंक, पॅरासिटामॉल, कान पुसायला कापड, थर्मामीटर आणि नीट चालणारा वजनकाटा. कंपन्यांची सॅम्पलं नकोतच. बाकी सगळं आरोग्य केंद्रातून मोफत मिळतं, आणि मूल त्या केंद्राच्या नोंदवहीत चढलं तरच पुढच्या वेळी डॉक्टर त्याला ओळखतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून शाळांत फिरतं. हृदयाचं छिद्र, वाकडे पाय, बहिरेपण असं काही सापडलं तर त्यांच्यामार्फत जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवा. शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आहे, शासकीय अनाथालयातली मुलं तिच्या लाभार्थ्यांत आहेत. कागद जमवून देणारं माणूस लागतं, तेवढं तुमच्यातल्या एकाने अंगावर घ्या.

परवानगी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडून घ्या, बाल कल्याण समितीला पत्र द्या, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना जाऊन भेटा. फोनवर नको, समोर बसून चहा घ्या. गटातल्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची असू द्या, बाहेरच्या राज्यातले मित्र येणार असतील तर त्यांच्याबद्दल कौन्सिलला आधी विचारून घ्या.

तारखा अशा ठेवा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणून पहिली भेट जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, तोवर सगळी मुलं नातेवाइकांकडून परतलेली असतात आणि खरूज, ताप, घटलेलं वजन सगळं सोबत आणलेलं असतं. दुसरी भेट दिवाळीनंतर, थंडी पडायच्या आत, सिकलसेलच्या मुलांना स्वेटर आणि गरम पाण्याची सोय झाली का ते पाहायला. तिसरी एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्याआधी. या भेटीत मुलं कुठे जाणार त्याची यादी करा. सिकलसेलचं मूल मामाकडे जाणार असेल तर सुट्टी संपेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या, फाइलच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि मामाच्या गावच्या आशाताईंचा फोन नंबर, हे तिन्ही एका पिशवीत घालून मामाच्याच हातात द्या, आणि दुपारी बारा ते चार त्याला तेंदूपत्त्याला नेऊ नका असं मामाला स्वतः सांगा.